पेडलमागची निळी पट्टी

प्रिय शेंडेफळा,

पत्र बघून चकित होशील. फोन केला असता तर तू पहिल्याच वाक्याला मीटिंगमध्ये आहे म्हणून सटकला असतास, आणि मला हे मधे न तुटता सांगायचं आहे. शिवाय फोनवर माझ्या तोंडून काय बाहेर पडलं असतं याचा नेम नव्हता. रविवारपासून मला तुझी किळस येते आहे. राग असता तर एव्हाना उतरला असता, माझा राग किती टिकतो ते तू लहानपणापासून बघतोयस. ही किळस जेवताना जात नाही आणि कामावर लिफ्टच्या छपरावर उभी राहून वायरी तपासतानाही जात नाही.

आधी इकडची खबरबात. आई आहे तशीच आहे. शुश्रूषागृहातल्या नर्सबाई सांगतात की ती आता फक्त बाबांच्याच हातून जेवते, दुसऱ्या कुणी घास पुढे केला की तोंड फिरवते. गाडी चालवत होते तोवर बाबा रोज दुपारी जाऊन तिला भरवायचे. आता दोन बस बदलून कसेबसे आठवड्यातून दोनदा जातात, कारण अपघातानंतरचा गळपट्टा निघाला तरी बसच्या धक्क्यांनी त्यांची मान दुखते. बाकीच्या दिवशी तिचं ताट जवळजवळ भरलेलंच परत जातं. परवा मी तिच्या दोन्ही गाऊनना आतून टिपा घातल्या.

चार वर्षं वापरलेली ती गाडी तू बाबांना दिलीस तेव्हा काय थाट होता तुझा! बॉनेटवर लाल फीत, किल्ली हातात देतानाचा फोटो, आणि वर सगळ्या नातेवाइकांना तो फोटो. बाबा इतके हरखले होते की शेजाऱ्यांना खाली नेऊन नेऊन दाखवत होते. मुलानं स्वतः सगळं तपासून दिलीय, म्हणत होते. मग सिग्नलला कुणीतरी मागून धडकलं. मग शुश्रूषागृहाच्या फाटकाशी वळताना पुन्हा एकदा, आणि त्या वेळी मान गेली. तू आलास, बंपर ठोकून आणलास, आणि जेवणाच्या टेबलाशी बसून बाबांची शाळा घेतलीस. त्यातलं एक वाक्य मला शब्दनशब्द पाठ आहे. "बाबा, तुम्ही ब्रेक फार अचानक मारता, मागच्याला कळायला तर हवं!" मग वय, नजर, हातपाय, सगळ्याचा हिशेब झाला. जाताना किल्ली माझ्याकडे देऊन गेलास, गिऱ्हाईक बघ म्हणालास.

रविवारी गाडी विकण्याआधी जरा फिरवून आणावी म्हणून मी पेट्रोल भरायला गेले. पंपावर मागच्या ट्रकवाल्यानं खाली उतरून मला झापलं. बाई, मरायचंय का, तुमचे ब्रेकलाइट लागतच नाहीत, म्हणाला. घरी येऊन मी बाबांना म्हटलं की जरा बसून पेडल दाबा, मी मागून बघते. ते गाडीत बसायलाच तयार होईनात. शेवटी केरसुणीची दांडी सीट आणि पेडलच्या मधे अडकवली आणि मागे गेले. डावा अंधार, उजवा अंधार, काचेवरचा मधला तोही अंधार. रात्री लागणारे लाल दिवे मात्र ठणठणीत. तिन्ही बल्ब एकदम जात नाहीत, तरी काढून बघितले. चांगले होते. फ्यूजही शाबूत. मग उरला पेडलच्या वरचा स्विच.

त्यासाठी मी उलटी होऊन डोकं स्टिअरिंगखाली घातलं. तिथे तुझी चार वर्षांची घाण होती. वाळलेलं च्युइंगगम, वेफर्सचा चुरा, कसलेतरी चिकट केस. ती माझ्या गालाला लागली तरी काही वाटलं नाही. किळस आली ती टॉर्च वर केल्यावर. स्विचचा प्लग ओढून काढलेला होता आणि बाजूच्या वायरींना निळ्या पट्टीनं नीट बांधून ठेवला होता. तुझ्या रॅकेटच्या मुठीची निळी पट्टी. टोक दुमडलेलं, पुढच्या वेळी नखात पकडता यावं म्हणून. आपल्या घरात पट्टीचं टोक दुमडणारा एकच माणूस आहे.

मग सगळं ओळीनं लक्षात आलं. गाडी द्यायच्या आधी महिनाभर तू रडगाणं गात होतास, रोज सकाळी बॅटरी उतरलेली असते म्हणून. उतरणारच. पेडलला स्विचसमोर रबराचं एक बटण असतं, ते झिजून गळून पडलं होतं. ते नसलं की स्विचला वाटतं पाय ब्रेकवरच आहे, आणि मागचे दिवे रात्रभर जळत राहतात. तुला ते कळलं होतं, नाहीतर नेमका तोच प्लग तू काढला नसतास. दुकानात मिळतं ते बटण, शर्टाच्या गुंडीएवढं. मी सोमवारी आणलं, अंगठ्यानं दाबून बसवलं, प्लग परत लावला. तिन्ही दिवे लागले. चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही रे. तेवढा कंटाळा तू केलास, वर फीत बांधलीस, आणि मग त्याच माणसाला ब्रेक कसा मारायचा ते शिकवलंस. टेबलाशी बोलताना तुला तो प्लग आठवला नसेल असं मी स्वतःला दोन दिवस समजावते आहे. जमत नाही.

दिवे लागल्या लागल्या मी धावत वर गेले. बाबांना सांगितलं की तुमचं काही चुकलं नव्हतं, दिवेच बंद होते. ते हसले. माझी समजूत घालू नकोस म्हणाले. त्यानं गाडी तपासून दिली होती, दिवे नंतर कधीतरी गेले असतील, पाय तर माझाच होता ना. निळ्या पट्टीचं मी बोलले नाही. ओठांवर आलं होतं. पण मी सांगितलं तर त्यांना वाटेल ताई तुझ्यावर जळते, आणि ते तुझीच बाजू घेतील. आजवर तेच होत आलंय.

आणि हे सगळं मी मनातच ठेवून दिलंही असतं. पण काल संध्याकाळी भाजी निवडताना माझ्या हातातून सुरी पडली, ती घ्यायला मी टेबलाखाली वाकले. वर बाबा पेपर वाचत होते आणि खाली त्यांचा उजवा पाय चपलेवर हळूहळू दाबला जात होता. दाबायचे, थांबायचे, अलगद उचलायचे, पुन्हा दाबायचे. काय करताय विचारलं तर ओशाळले. म्हणाले, "हळू दाबायची सवय करतोय. जमलं की त्याला विचारीन, तुझ्या आईकडे जाण्यापुरती गाडी देशील का." गिऱ्हाईक मी बघणार नाही. तू ये, त्यांच्यासमोर बस, आणि तो प्लग कुणी काढला ते तुझ्या तोंडानं सांग. त्यांचा विश्वास फक्त तुझ्यावर आहे.

तुझीच,
ताई