रविवारची मुलाखत

तोंडवली, ६ जानेवारी २०२६

ती. अक्षयाताईस,
सा. न. वि. वि.

आधी एक दुरुस्ती. पहिली मुलाखत शनिवारी झाली असं मागच्या पत्रात लिहिलं. ती रविवारी झाली. कागदावर चूक ठेवूची नाय, ही बाबांची शिकवण, म्हणून कळवते. बाकी खरं. रिसॉर्टच्या निळ्या गणवेशातल्या अनुजाने कोकम सरबत दिलं, घाबरू नको गो म्हणाली.

आमच्यात कशी मिसळशील, असं साहेबांनी विचारलं. मी आपलं गाऱ्हाणं सांगितलं. देवळात बाबा मागणं मांडतात आणि सगळा गाव एका आवाजात होय म्हाराजा म्हणतो. वाटलं, हसतील. कुणी हसलं नाही. साहेब म्हणाले, अगदी हीच संस्कृती आम्हाला हवी.

आज शेवटची फेरी. मला सकाळच्या सभेत कामगारांसोबत उभं केलं. साहेब वाक्य म्हणत, सगळे होय सर म्हणत. पाहुण्यांसमोर मालवणी नको, होय सर. अनुजाने शनिवारीच नोकरी सोडली, होय सर. मीही म्हटलं, सगळ्यांत मोठ्याने. लगेच निवड झाली. येत्या सोमवारी रुजू व्हायचंय. बाबांनी पेढे वाटले. पण सभेत कुणी कुणाकडे बघत नव्हतं, ताई.

पत्र बाबली कंडक्टरकडे देते. तुझ्या सासूबाईंना, माईंना नमस्कार. माया असू दे.

तुझी सलोनी

बांदा, ८ जानेवारी

चि. सलोनीस,
अ. उ. आ.

पेढे एकटीने खाल्लेस म्हणून तुझा भाचा मिहीर रुसलाय. पण तुझं पत्र वाचून मी लगेच लिहायला बसले. अनुजा आमच्या शेजारच्या सत्यवतीकाकूंची भाची. रविवारी संध्याकाळी पाहुण्यांना फिरवताना रिसॉर्टची होडी खाडीत उलटली. पाहुणे वाचले, ती गोव्याच्या इस्पितळात बेशुद्ध आहे. कंपनी हात वर करते, की तिने शनिवारीच काम सोडलं, होडीत आपल्या मर्जीने चढली. साक्षीला कुणी उभं राहत नाही. आणि तू तिला रविवारी गणवेशात पाहिलंस.

काल दोन अनोळखी माणसं येऊन काकूंना गप्प राहायला सांगून गेली. मी काही सुचवत नाही. जप गो बाय.

आशीर्वाद आहेतच.
ताई

तोंडवली, १० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज रिसॉर्टचा माणूस माझा गणवेश देऊन गेला. धुतलेला आहे. कॉलरच्या आत लाल दोऱ्याने अनुजा असं काढलंय. त्याने विचारलं, पहिल्या दिवशी तिथे कोण भेटलं ते आठवतं का. सरबत आठवतं, एवढंच मी म्हटलं. तो बराच वेळ फाटकात उभा राहिला.

बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, गाऱ्हाण्यात होय म्हणतंत ता सगळ्यांचा बरा होवचा म्हणान, कोणाचा वाईट करूक नाय. नोकरीचं काय, हे त्यांनी विचारलं नाही. आईने मात्र देवाजवळचा पेढ्यांचा पुडा उचलून ठेवला.

गणवेश पिशवीत भरलाय. रुजू व्हायच्या दिवशीच सकाळच्या गाडीने निघेन, पण रिसॉर्टच्या थांब्यावर उतरणार नाही. सरळ मालवणच्या पोलीस ठाण्यात जाईन. काकूंना दिवस नीट सांग, या वेळी चुकलेला नाही. सोमवार, १२ जानेवारी.

तुझी सलोनी