फोटोत माझं फक्त कोपर

गोडदेव, भाईंदर (पूर्व)
रविवार, १७ फेब्रुवारी २००८

तीर्थरूप अनसूयाआत्यांना उत्तमचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण आठवड्याचे सहा दिवस टाय बांधून मान अशी धरली आहे की हा उभ्याउभ्याच गोड मानून घ्या.) तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं, बरं वाटलं. डॉक्टरांनी वाचन बंद ठेवायला सांगितलं असेल तर हे पत्र शेजारच्या कुणाकडून वाचून घ्या. देवरुखात थंडी अजून आहे का? इकडे अंबिकेची पाठ अधूनमधून धरते, अनुष्काची बारावीची परीक्षा तोंडावर आली आहे आणि मी संतापलेला आहे. ही तब्येतीचीच बातमी समजा, कारण परवा माझं प्रेशर एकशे साठ निघालं.

परळची नोकरी सोडून व्हीआरएस घेतल्यावर मी वर्षभर घरी बसलो आणि अंबिकेनं ते वर्षभर सोसलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मग एक्कावन्नाव्या वर्षी ही नोकरी लागली. पश्चिमेला स्टेशनजवळ, फरसाणवाल्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आमची कंपनी आहे. लोकांना पैसे कुठे गुंतवावेत याचा सल्ला आम्ही देतो. माझा हुद्दा ‘वेल्थ मॅनेजर’. (वेल्थ दुसऱ्याची, मॅनेजर फक्त कार्डावर.) आमचा साहेब चंदन, वय अठ्ठावीस. त्याला ‘सर’ म्हणायचं नाही, नावानंच हाक मारायची, अशी तिथली पद्धत. माझी जीभ वळत नाही म्हणून मी ‘चंदनजी’ म्हणतो आणि तो मला ‘उत्तम यार’ म्हणतो. काकाच्या वयाच्या माणसाला यार! रोज सकाळी साडेनऊला आम्ही सगळे गोल उभे राहून टाळ्या वाजवत ‘आय कॅन, आय कॅन’ असं ओरडतो. माझा उजवा गुडघा ‘कॅनॉट’ म्हणतो, पण त्याला कोण विचारतो? पहिल्याच दिवशी शंभर ओळखीच्या लोकांची यादी लिहून द्यायला सांगितलं. त्रेसष्टाव्या नावाला गाडी अडली, तेव्हा मी दोन दिवंगत माणसंही घातली. त्यातल्या एकाला कंपनी अजून वाढदिवसाचं कार्ड पाठवते.

आता मूळ अपमानाकडे येतो. आम्ही जी पॉलिसी विकतो ती अर्धी विमा आणि अर्धी शेअरबाजार. तीन वर्षांत पैसे दुप्पट, असं तोंडानं सांगायचं आणि कागदावर कुठेही लिहायचं नाही. गेल्या दिवाळीनंतर चंदनला कुठून तरी कळलं की उत्तनच्या डॉरिसबाईंनी नवरा गेल्यावर होडी विकली आणि चार लाख आले. लगेच मला बसमध्ये बसवून उत्तनला पाठवलं. (टायसकट. त्या टायवर बसमधल्या एका बाईची मासळीची पाटी ओघळली, ते वेगळंच.) डॉरिसबाई साठी ओलांडलेल्या, अंगणात बोंबील वाळत घालत होत्या. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, माझं पाऊण तासाचं भाषण बोंबील परतत परतत ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच विचारलं, “तुमी तुमचा सोताचा पैसा यात घातला हाय काय?”

आत्या, गिऱ्हाईक काय काय शंका काढतं आणि त्यावर काय उत्तर द्यायचं, हे ट्रेनिंगमध्ये आमच्याकडून घोकून घेतलं होतं. छत्तीस शंका, छत्तीस उत्तरं. हा सदतिसावा प्रश्न निघाला. मी तोंड उघडलं आणि खरं तेच बाहेर पडलं. म्हटलं, “नाही. माझे पोस्टात आहेत.”

“मंग माजा पन तिथंच ठेवून दे,” बाई म्हणाल्या आणि पुढच्या बोंबलाकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पोस्टात घेऊन गेलो, ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेचा फॉर्म स्वतः भरला, आणि ऑफिसच्या वहीत ‘क्लायंट मीटिंग’ असं लिहिलं. त्यानंतर ती पॉलिसी कुणाला विकायला गेलो की माझं भाषण अर्ध्यातच थांबायला लागलं. चंदनला पोस्टाचं कळलं तेव्हा त्यानं मला सकाळच्या गोलात मध्ये उभं केलं. “उत्तम यार, तू कंपनी के लिए काम करता है, या पोस्ट के लिए?” असं सगळ्यांदेखत विचारलं. पुढे महिनाभर रोज माझंच उदाहरण, धंदा कसा करू नये याचं. पंचविशीतली पोरं टाळ्या वाजवायची. मी पण वाजवायचो. (सगळे वाजवत असताना आपले हात नुसते लोंबत ठेवणं जमत नाही.)

मग जानेवारीत बाजार कोसळला, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. तिसऱ्या दिवशी जिन्यापासून फरसाणवाल्याच्या कढईपर्यंत माणसं उभी. चंदन केबिनमध्ये शिरला आणि मला म्हणाला, “तुम बाहर बात करो, तुम्हारे बाल सफेद हैं।” मी बाहेर गेलो. लोक पॉलिसीचे कागद माझ्या नाकासमोर नाचवत होते, आणि त्यांच्यातले चौघे मी स्वतः, उत्तनला जायच्या आधी, गाठलेले होते. आत्या, त्यांच्या नजरेला नजर देता आली नाही. त्यांच्यातला एक बेस्टचा निवृत्त कंडक्टर होता. त्यानं कागदाची तिकिटाएवढी घडी घातली आणि ती खिशात ठेवली.

नेमक्या त्या गर्दीत डॉरिसबाई पिशवीतून दोन पापलेटं घेऊन जिना चढून आल्या. पहिलं व्याज हातात पडलं होतं, म्हणून खास आल्या होत्या. सगळ्यांसमोर माझा दंड धरून म्हणाल्या, “या मानसानं माजा पैसा राखला. येक रुपया गेला न्हाय.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, एवढ्या आयुष्यात एकदा तरी आपल्या वाट्याला हे आलं! एवढ्यात केबिनचं दार उघडलं, चंदन हसत बाहेर आला, बाईंच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला आणि गर्दीला म्हणाला, “देखा? हमारी सलाह!” कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. आता तो फोटो भिंतीवर लावलाय, भला मोठा. डावीकडे चंदन, मध्ये डॉरिसबाई, आणि उजव्या कडेला माझं कोपर. खाली लिहिलंय, ‘विश्वास जपणारा सल्ला’. (पापलेटं मात्र मी घरी आणली. एसीत वास नको म्हणून ती तेवढी माझी ठरली.)

एवढ्यावरही मी गप्प बसलो असतो. पण परवा मोरव्याहून एक म्हातारं जोडपं आलं. तो फोटो बघूनच आलं. म्हणाले, इथे पैसा सांभाळतात असं ऐकलंय. चंदननं त्यांना फोटोखाली बसवलं, चहा मागवला आणि अर्ध्या तासात तीच पॉलिसी त्यांच्या गळ्यात मारली. मी शेजारच्या टेबलावर होतो. मी उठायला हवं होतं. उठलो नाही. माझ्या आयुष्यातल्या एका खऱ्या वाक्याचा यांनी गळ केला, आत्या, आणि मी बसून बघत राहिलो! म्हणून ठरवलंय, बस्स. ही नोकरी सोडायची. अंबिकेलाही अजून सांगितलेलं नाही, पहिलं तुम्हालाच सांगतोय. थोरांचा आशीर्वाद पाठीशी असू द्यावा.

तुमचा,
उत्तम

ता.क. आशीर्वादाबरोबर एक काम आहे. तुम्ही अठ्ठावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंत. राजीनामा इंग्रजीतच द्यावा लागतो, आणि माझं इंग्रजी संतापलं की विनंतीअर्जासारखं होतं. तरी पानभर खरमरीत राजीनामा लिहून पाठवावा. चंदनला शब्दकोश काढावा लागला पाहिजे.

ता.क. (सोमवार रात्र) पाकीट फोडून लिहितोय. आज दुपारी चंदननं मला ‘सीनियर’ केलं, पगार अडीच हजारांनी वाढवला. मोरव्याच्या जोडप्याचा विषय मी काढणारच होतो, तेवढ्यात त्यानं हात पुढे केला आणि मी तो हातात घेतला. अनुष्काच्या कॉलेजची फी जूनमध्ये भरायची आहे. राजीनामा मात्र नक्की पाठवा, आणि अजिबात मवाळ करू नका. फक्त वर तारीख घालू नका, ती मी सवडीनं घालीन.