उभ्याने जेवणारी आजी

प्रिय आई,

तुझा फोन मी मुद्दामच उचलत नाहीये. फोनवर बोलायला लागलं की तू रडतेस, मग मीच तुझी समजूत काढत बसते आणि मूळ विषय राहतो बाजूला. पत्रात तुला मला मध्येच तोडता येणार नाही, म्हणून पत्र. बाकी इथे प्लोवदिवला सगळं ठीक. तुझ्या जावयाचा खोकला गेला, लोणच्याची बरणी पोचली, अंगणातल्या जर्दाळूला कळ्या आल्यात. माफीच्या रविवारी सगळं घर जमलेलं असताना मी कालिनाला घेऊन तडकाफडकी का निघाले, तुझ्या हाताचं चुंबन न घेता, माफी न मागता, असं तू दादाला विचारत होतीस म्हणे. गावभर बोभाटा झालाय, तोही कळला. होऊ दे.

त्या दुपारी कालिनाच्या ताटात बानित्साचा दुसरा तुकडा तूच वाढलास. ‘खा गं बाई, शहरात मिळतं काय तुला, वाऱ्याने उडशील!’ तिने खाल्ला. चीज भरलेली, लोणी सुटलेली तुझी बानित्सा कोण नाही खाणार? आणि शेवटचा घास गिळायच्या आत तिच्या पोटाला चिमटा काढून तूच म्हणालीस, ‘अगंबाई, हे काय जमवलंयस? आतापासून हे, तर लग्नात झग्याला कापड पुरायचं नाही!’ वाढणारा हात तुझा आणि चिमटा काढणारा हातही तुझाच. माझ्या नऊ वर्षांच्या पोरीने कोणत्या हाताचं ऐकायचं? दादाच्या मुलांनी चार चार तुकडे हाणले, तर त्यांची पाठ थोपटलीस.

संध्याकाळी असेनदादाने तुळईला लाल दोऱ्याने हलव्याची कडक वडी टांगली. कालिना वर्षभर या खेळाची वाट बघते. येताना गाडीतसुद्धा हात पाठीमागे बांधून, आ वासून सराव चालला होता. झुलता हलवा दातांत धरला की वर्ष चांगलं जातं, हे तिला तूच सांगितलंयस. दादाच्या मुलांचं झालं, हिची पाळी आली आणि तू चुलीपासून ओरडलीस, ‘असेन, दोरा आखूड कर रे, नाहीतर ही तुळईसकट गिळेल!’ सगळे खो खो हसले. दादा तर डोळे पुसत होता. हलवा तिच्या गालाला लागून गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. तुम्हाला वाटलं, पोरीला जमत नाहीये. मी समोर उभी होते. तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते, आई.

मग धाकट्यांनी थोरल्यांपुढे वाकून वर्षभराच्या चुकांची माफी मागायची वेळ आली. कालिनाने तुझा हात धरला आणि म्हणाली, ‘आजी, मला माफ कर, मी दुपारी दोन तुकडे खाल्ले.’ वर्षभरात तिने काय काय उद्योग केलेत ते मला विचार, शेजाऱ्यांची खिडकीसुद्धा फोडलीय. पण तिला आठवलेला गुन्हा हा. आणि तू तिचा गाल कुरवाळत म्हणालीस, ‘माफ केलं हो सोन्या. उद्यापासून ईस्टरआधीचा उपवास लागतोच आहे, होशील हलकी.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथे तोंड उघडलं असतं तर भलतंच बोलून बसले असते, म्हणून कोट उचलले आणि निघाले.

तू वाईट असतीस तर किती सोपं झालं असतं! वाईट माणसाकडे जाणं बंद करता येतं. तू हिवाळाभर तिच्यासाठी मोजे विणतेस, आणि तिला सगळ्या जगात तूच जास्त आवडतेस, माझ्यापेक्षाही. घरी आल्यापासून तिचं काय चाललंय ठाऊक आहे? आम्ही जेवायला बसलो की ही ओट्यापाशी उभी राहते आणि आमच्या ताटांत उरलेले तुकडे तोंडात टाकते. बस म्हटलं की म्हणते, ‘तुम्ही जेवा, माझं काय, मी नंतर.’ अगदी तुझ्या आवाजात. काल आरशापुढे पोट आत ओढून सुस्कारा टाकत होती, तो सुस्काराही तुझाच. हे तिला कुणी शिकवलेलं नाही, तिने नुसतं तुझ्याकडे बघितलंय. तुझ्या सासूने तुला कधी बसू दिलं नाही, हे मला माहीत आहे. पण ती जाऊन किती वर्षं झाली, आणि तुला भरलं ताट घेऊन निवांत बसलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही. चिडू कुणावर, तेच कळत नाही.

तर हे पत्र माफीसाठी नाही. तू मागू नकोस, मीही मागणार नाही. तिला ‘किती छान दिसतेस’ असंही म्हणू नकोस. ईस्टरला आम्ही येतोय. तुझ्या टेबलाभोवती बाबांनी सगळ्यांसाठी खुर्च्या केल्या, तुझी तेवढी राहिली, आणि तू कधी मागितली नाहीस. मी बाजारातून एक घेतलीय, गाडीच्या टपावर बांधून आणते. ती कालिनाच्या शेजारी ठेवायची आणि तू त्या खुर्चीवर बसायचं. ईस्टरच्या गोड पावाचा चांगला जाड तुकडा स्वतःच्या ताटात घ्यायचा आणि तिच्यादेखत सगळा संपवायचा, कंबरेबद्दल अवाक्षर न काढता. माझ्या पोरीला हुबेहूब तुझ्यासारखं व्हायचंय, आई. तेव्हा आधी तू जेव.

चिडलेली, तरी तुझीच,
नेवेना