पांढऱ्या गोळीबद्दल मी लावलेला शोध

तीर्थस्वरूप आक्का,

साष्टांग नमस्कार (कंबर वाकत नाही, तेव्हा मनातल्या मनात). तुझे गुडघे काय म्हणतात? माझं डायलिसिस ठीक चाललंय. यंत्र इमानेइतबारे रक्त धुतं आणि सिस्टर इमानेइतबारे पाण्याच्या घोटांची चौकशी करतात. तुझी लेक सुखरूप पोचली. चिमणी दवाखान्यातल्या जुन्या नोंदींवर काहीतरी आकडेमोड करते, एवढंच तू म्हणाली होतीस. आक्का, तू मला नीट सांगितलं नव्हतंस.

झालं असं, की डायलिसिसच्या हॉलमध्ये पडल्या पडल्या मी एक शोध लावला होता. (यंत्राला बांधलेला सायकलवाला दुसरं काय करणार? सायकली दुरुस्त करायची सोय तिथे नाही.) हृदयासाठी काहींना एक पांढरी गोळी देतात. ती घेणारे एकेक करून दिसेनासे होत होते. न घेणारे टुणटुणीत. उलट शेजारच्या खुर्चीतले मास्तर आठ वर्षं एक पिवळी गोळी घेताहेत आणि खणखणीत आहेत. आता यात शंका ती कसली? मी माझी पांढरी गोळी बंद केली, मास्तरांनाही त्यांना नुकतीच लागलेली पांढरी बंद करायला सांगितली.

जेवताना हे मी चिमणीला ऐटीत ऐकवलं. तिचा हात ताटातच थांबला. (मला वाटलं, कौतुकाने.) रागावली नाही गं. पांढरी गोळी डॉक्टर कुणाला देतात, एवढंच विचारलं. म्हटलं, ज्यांचं हृदय थकलंय त्यांना. मग जे आधीच जास्त आजारी, त्यांचं जाणं गोळीच्या माथी का मारायचं, म्हणाली. मी पिवळ्या गोळीचा हुकमी पत्ता टाकला. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "मामा, आठ वर्षं गोळी खायला आधी आठ वर्षं जगावं लागतं."

मला ठसकाच लागला. तुझ्या भावजयीने पाणी पुढे केलं, तेही मोजूनच.

दुसऱ्या दिवशी तिने मला दवाखान्याच्या मागच्या खोलीत, कपाटांच्या मधल्या डुगडुगत्या टेबलाशी नेलं. गोळी घेणाऱ्या प्रत्येकासाठी ती न घेणारा असा जोडीदार हुडकते, की वय, साखर, हृदयाची ताकद, डायलिसिसची वर्षं सगळं मिळतंजुळतं. फरक फक्त गोळीचा. दोघांचे दिवस एकाच टप्प्यापासून मोजायचे, कुणाच्या पदरात फुकटची वर्षं टाकायची नाहीत. (तू तिच्यासाठी एक जोडीदार शोधताना दमलीस, ही हजारोंच्या जोड्या लावते.) आणि एवढं करूनही, जे कुठे नोंदलंच गेलं नाही त्याची तिला धास्ती: कोण घरी एकटा असतो, कोण गोळी गुपचूप कुंडीत टाकतो. (इथे तिने माझ्याकडे पाहिलं.)

शेवटी मी विचारलं, मग पांढरी गोळी आयुष्य वाढवते की नाही?

"अजून माहीत नाही, मामा."

आक्का, मी थक्क झालो. आपल्या घराण्यात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलेलं नाही. बाबा तर न पाहिलेल्या गावाचाही रस्ता वाटसरूंना समजावून सांगायचे. आणि ही पोर वर्षानुवर्षं खपून, एवढ्या माणसांचं जगणं-मरणं समोर मांडून, ताठ मानेने म्हणते, माहीत नाही. एखाद्या उंच कड्याच्या पायथ्याशी उभं राहावं, तसा मी त्या टेबलाशी उभा होतो. तोवर, ज्यांनी तुमचं हृदय तपासलंय त्यांचं ऐका, म्हणाली.

ऐकलं. डॉक्टरांची बोलणी खाल्ली, गोळी थोड्या मात्रेत पुन्हा सुरू झाली. पण पुढच्या डायलिसिसला पाहतो तर मास्तरांची खुर्ची रिकामी. सिस्टरना विचारायचा धीर होईना. बऱ्याच वेळाने मास्तर घामाघूम होऊन आले. त्यांना आणणाऱ्या लेकाच्या गाडीचं चाक वाटेत बसलं होतं. मी घाईघाईने म्हटलं, ती गोळी पुन्हा सुरू करा.

"बंद कुठे केली होती?" मास्तर म्हणाले. "तुमचं मी फक्त पंक्चरच्या बाबतीत ऐकतो."

इतका गोड अपमान माझा कधी झाला नव्हता.

तुझा धाकटा,
भाऊ

ता. क. पत्राचं खरं कारण हे, की गेल्या महिन्यात फोनवर मी तुलाही तुझ्या ब्लडप्रेशरच्या गोळीबद्दल सल्ला दिला होता. मानला असशील तर आधी डॉक्टरांकडे जा, मग मला शिव्या दे. पण मानला नसशीलच. नाहीतरी माझं कुणीच ऐकत नाही.

ता. क. दोन. चिमणीने पत्र वाचलं. 'कुणीच' हे मी किती माणसांवरून ठरवलं, असं विचारते आहे.