परतीचे रीळ

सोमवार, १३ डिसेंबर १९५४

आज अकरावीला इंग्रजीच्या तासाला सिनेमा शिकवला. उत्सवासाठी चिंचवडात इकबालभाईंचा तंबू लागलाय. काल सगळा वर्ग तिथे तलवारीचा सिनेमा बघून आला. मीही. आईच्या हातचा भात खाऊन नायक घर सोडतो, कपाळावर वार झेलतो, नदीत उडी टाकतो — आणि पडदा पांढरा. "शेवटचं रीळ पुण्यालाच राहिलं, मास्तर. आणतो दोन दिवसांत," इकबालभाई म्हणाले. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

फळ्यावर तीन शब्द लिहिले: प्रस्थान, परीक्षा, प्रत्यागमन. संस्कृतचा माणूस इंग्रजी शिकवतो, कारण दुसरा कोणी नाही. मग असे व्हायचेच. हेडमास्तर खिडकीतून बघून पुढे गेले. पोरांना सांगितले, साऱ्या नायकांची वाट हीच. तिसरा शब्द रीळ आल्यावर शिकू. आता एकेकाने इंग्रजीत सांगा — तुम्ही कुठे जाल? निम्मा वर्ग पुण्याला मामाकडे गेला. ज्योतीराम उभा राहिला. "जाईन, सर. कुठे ते गेल्यावर कळेल."

मी शाबास म्हणालो.

मंगळवार, १४

ज्योतीराम वर्गात नाही.

बुधवार, १५

त्याचे वडील सोपानराव दारात. दिघीकडच्या खाणीत पहार चालवतात. आमची चौकट त्यांना अपुरी पडते. मी आतल्या खोलीत उगाच उपरणे शोधत राहिलो. शेवटी रुक्मिणीने हातात आणून दिले, तेव्हा बाहेर यावेच लागले.

"पोरगं घरातनं गेलंय, मास्तर. तुमी वर्गात काय सांगितलंत?"

नायक घर सोडतो, असे.

"मंग?"

मग संकटे येतात.

"मंग?"

मग — पुढचे अजून शिकवले नाही.

सोपानराव पायरी उतरले. "आर्धंच शिकिवलं व्हय," म्हणाले आणि गेले. दोन तडाखे दिले असते तर बरे वाटले असते.

रुक्मिणी म्हणाली, "पोरांना नायक व्हायला सांगता, आणि स्वतः मांजर आडवं गेलं तरी घरी परत येता." पण हसली नाही. आमटीत मीठ दोनदा पडले होते. दोघांनीही तशीच खाल्ली.

गुरुवार, १६

काही नाही. दार वाजले की रुक्मिणीला पुढे पाठवतो.

शुक्रवार, १७

आकुर्डीच्या अलीकडे रुळांवर कोणी सापडले. पुण्याच्या एका दैनिकाचा इथला बातमीदार मीच, तेव्हा जाणे भाग. उत्सव, कुस्त्या, विहिरीत पडलेली म्हैस — आजवर एवढ्यावर भागत आले होते. वाटेत बातमीचे पहिले वाक्य आपोआप जुळू लागले: चिंचवड येथील एक होतकरू विद्यार्थी — थांबवता येईना. सवय म्हणजे काय भयंकर गोष्ट आहे.

सोपानराव माझ्या आधीच पोचून तिथे उकिडवे बसलेले. फौजदाराने चादर उचलली. पांढऱ्या मिशा. कोणी परका म्हातारा.

सुटलो, असे वाटले. मग त्या म्हाताऱ्याकडे पाहवेना.

परतताना सोपानराव पहिल्यांदा बोलले. "मी म्हनलं, साळा बास, खाणीत चल. त्यो न्हाई म्हनला. मंग म्हनलं, जातूस तर जा, पुन्यांदा तोंड दावू नगंस." थोडे चालून म्हणाले, "तुमच्या शिनेमातला परत येतो का?"

येतो, असे सांगितले. मी तरी कुठे पाहिलाय?

रविवार, १९

शेवटचे रीळ आले, असे इकबालभाईंनी कळवले. सोपानराव धुतलेला सदरा घालून आले. जन्मात सिनेमा पाहिला नव्हता.

आज सिनेमा थेट घर सोडण्यापासूनच सुरू झाला. माझ्या लक्षात आले, पण डोक्यात शिरले नाही. वार, रक्त, नदी. मग एकदम अंगण. आई ताटात भात वाढतेय, नायक हसतोय. त्याचे कपाळ स्वच्छ.

हे पहिलेच रीळ! शेवटचे आलेच नव्हते; लोक कनाती फाडतील म्हणून इकबालभाईंनी पहिले उचलून मागे लावले.

सोपानरावांनी अंधारात माझा हात धरला. "आला बघा, मास्तर. जेवतोय."

मी हो म्हणालो. पोरांकडून सत्याची सुभाषिते घोकून घेणारा मी.

सोमवार, २०

तिसरा शब्द शिकवला नाही. फळा पुसून टाकला.

बुधवार, २२

ज्योतीराम आला. चाकणला गाड्यांवर कांद्याची पोती चढवत होता. तिथे पडून कपाळाला मोठी खोक. मी पोचलो तेव्हा घरात जेवत होता. सोपानराव मला अंगणाच्या कडेला घेऊन गेले.

"शिनेमातल्याच्या कपाळाला काय बी नव्हतं, मास्तर. तवाच समजलं, ह्ये आदीचं हाय. पर तुमचा हात लई थरथरत हुता. म्हून म्हनलं, आला."