थकलेल्या सेलांचा डबा

अहो,

तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोलले, पण कागद घेऊन कधी बसले नाही. आज बसले. काल संध्याकाळी देवळापुढं आपला सुगीनंतरचा मुलांच्या गाण्यांचा कार्यक्रम झाला आणि तुमची एक गोष्ट मला आत्ता, इतक्या उशिरा कळली. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय चुलीकडं जावंसं वाटेना.

तुमचा तो बिस्किटांचा डबा आठवतो? चेपलेल्या झाकणाचा? टेपरेकॉर्डरचे उतरलेले सेल तुम्ही त्यात जपून ठेवायचात. घर आवरताना मी दरवेळी विचारायची, "हे मेलेले सेल कशाला ओ? टाकू काय?" आणि तुम्ही म्हणायचात, "ऱ्हाऊ दे गं. पोरांच्या कामाचे हायत." मला वाटायचं, पोरं सेल फोडून आतली काळी कांडी काढतात, भिंतीवर रेघोट्या ओढतात, त्यासाठी असेल. एवढंच बोलायचं आणि गप्प बसायचं, ही काय रीत झाली?

बेळगावहून तुम्ही पहिल्यांदा ती नुसत्या वाद्यांची कॅसेट आणलीत, तो दिवस माझ्या डोळ्यांपुढं आहे. आपलं लाउडस्पीकरचं दुकान, बाहेर बाकावर तुमचा दोस्त भावकाण्णा चहा पीत बसलेला. पेटी वाजली, बासरी वाजली, तबला वाजला, पण गाणारा काही येईना! भावकाण्णा म्हणाला, "गाणाऱ्याची बस चुकली काय रे?" आम्ही पोट धरून हसलो. त्या दिवसापासून तिचं नाव मुकी कॅसेट. तुम्ही मात्र हसला नाहीत. म्हणालात, "जागा मोकळी सोडलीया बघ. आता हितं आपली पोरं गातील." रामनगरच्या पोरांसाठी कुणीतरी एवढी वाद्यं वाजवून ठेवली होती!

मला वाचायलासुद्धा तुमच्या कॅसेटींनीच शिकवलं. गाणी पाठ होती. कव्हरवरच्या नावांवर बोट ठेवायचं आणि ऐकलेलं जुळवत जायचं. तुम्ही दुकानात नसताना मी हे करायची. तुम्हाला कळलं होतं ना? मग पुढं पुस्तकं कुणी आणून ठेवायला लागलं?

पोरांना गाणं निवडून देणं हे तुमचं आवडतं काम. आईबापांना नेहमी अवघड हवं. "आमच्या पोरीला शिनेमातलं द्या, ताना असलेलं." तुम्ही शांतपणे म्हणायचात, "तानेत पोरगी बुडंल की ओ. सोपं घेऊ." कुणी नाक मुरडलं की समजावायचात, "सोपं म्हंजे बारकं न्हवं. मधी दम घ्यायला जागा देतं ते सोपं."

आणि ती तुमची हाक! पोराला अंगणात उभं करायचं आणि सांगायचं, "पल्याड बांधावर तुझी आई हाय समज. मार हाक." पोर ओरडायचं. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात आणि म्हणायचात, "हिला होडीचं गाणं. ह्याला मधमाशीचं." कधी चुकला नाहीत. बोलताना अडखळणारी पोरंसुद्धा त्या गाण्यात अशी सरळ चालायची की त्यांच्या आया एकमेकींकडं बघत राहायच्या.

यंदा हे काम माझ्याकडं आलं.

तुम्हाला काशी माहीत नाही. बाजारकुणंग गावाकडची, रानातली शेती करणाऱ्या घरातली पोर. शाळेसाठी माझ्याजवळ राहते. आवाज खालचा, घोगरा. शाळेत पोरं तिला बेडकी म्हणायला लागली आणि तिनं बोलणंच सोडलं. वर्गात नाही, माझ्याशीसुद्धा मान हलवण्यापुरतं. तिच्या आईनं निरोप धाडला होता, "गाण्याला येतो. पोर अशीच मुकी दिसली तर घेऊन जातो. घरी निदान बोलत तरी होती." आईचं तरी काय चुकलं? पण काशी गेली असती तर शाळा सुटली असती, कायमची.

मी तुमच्यासारखं केलं. अंगणात उभं करून चुलीपुढून म्हटलं, "तिकडं आई हाय तुझी. मार हाक." तिनं रानाकडं तोंड फिरवलं. मग मारली.

अहो, मी भाकरी थापायची थांबले. आपल्या पोरांची हाक शेवटी वर चढते. काशीची चढली नाही. खालीच राहिली, पण लांबच लांब गेली, संपेचना. तिकडं घरं एकमेकांपासून दूर, मध्ये रान. तिथं हाक झाडांतून पोचवावी लागते. एवढ्याशा छातीत एवढा दम!

म्हणून तिला होडीचं गाणं दिलं. दम तेवढा होता, पण कॅसेट उंच आणि काशी खाली. कॅसेटीला थोडंच म्हणता येतं, बाई, जरा खाली ये? तिनं तोंड मिटून घेतलं.

परवा सराव करताना करंट गेला. नवे सेल घरात नव्हते. म्हणून तुमचा डबा उघडला आणि त्यात उरलेले तेवढेच सेल घातले. टेप चालली, पण दमल्यासारखी. होडी हळू झाली, बासरी खाली उतरली. मी बंद करायला हात पुढं केला आणि काशी गायला लागली! बरोबर त्या सुरात, जणू तिच्याच मापाचं गाणं.

मी तिथंच भुईवर बसले. काही पोरांच्या वेळी तुम्ही म्हणायचात, "आज करंट नको, सेलवर लावू." मला वाटायचं, वीज जाईल म्हणून भीती. तुम्ही तर गाणं त्या पोरांपर्यंत खाली उतरवत होतात! एवढं मोठं गाणं, एवढी वाद्यं, आणि तुम्ही त्यांना लेकरापुढं वाकायला लावलंत. आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?

आता कालचं ऐका. भावकाण्णा दुपारपासून राबत होता. काशीचं नाव पुकारलं, मी टेप लावायला गेले तर तो कानाशी म्हणतो, "वैनी, दोस्ताच्या माघारी पयला कार्यक्रम. मेलेल्या सेलवर कसा करायचा? नवे घातलो, माझ्याकडनं."

"आणि जुने?"

"पोरांस्नी दिलो की!"

पोरांनी ते केव्हाच फोडले होते. देवळाच्या पायरीवर काळ्या रेघोट्या!

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी बटण दाबलं. टेप सुरू झाली. होडी कसली, मोटारच धावत सुटली. काशीनं तोंड उघडलं आणि मिटलं. मागून कुणीतरी बेडकासारखं ओरडलं. लोक हसले. पाठीमागं तिची आई उठून उभी राहिली, गाठोडं हातात घेऊन.

तेव्हा माझं लक्ष लोकांच्या हातांकडं गेलं. रानातून चालत आलेली माणसं, प्रत्येकाच्या हातात बॅटरी. मी माइकवरून म्हटलं, "समद्यांनी बॅटऱ्या लावा. ह्या भिंतीवर उजेड पाडा."

"वैनी, डोकं ठिकाणावर हाय न्हवं?" भावकाण्णा म्हणाला.

"हाय. तुम्ही नवे सेल काढा."

देवळाच्या भिंतीवर उजेडाची वर्तुळं पडली. काही पांढरी, काही थकल्या सेलांची पिवळी. एक तर विझायला आलेल्या निखाऱ्यासारखं तांबडं. ते काशीच्या आईच्या बॅटरीचं. भल्या पहाटे अंधारात घर सोडून ती सडकेपर्यंत चालत आली होती ना! तिचे सेल घेतले, दोनतीन पिवळ्यांचे घेतले. टेप फारच रेंगाळली. एक सेल बदलला. पुन्हा लावली. बासरी उतरत उतरत आली आणि काशीच्या हाकेजवळ येऊन थांबली.

काशी आईकडं बघून गायली. मध्ये दम घ्यायची जागा आली की सगळं अंगण तिच्याबरोबर दम घेत होतं. भिंतीवरचे उजेड विझवायचं कुणाला सुचलं नाही. तो बेडूकही पुन्हा ओरडला नाही. माझ्याशेजारी येऊन तिची आई लेकीकडं बोट करून एवढंच म्हणाली, "माझं चेडू गातंय गो." आणि गाठोडं खाली ठेवलं.

ती रात्री आपल्याकडंच राहिली. भावकाण्णानं स्वतः येऊन ते नवे सेल तिच्या बॅटरीत घातले. म्हणाला, "आता तरी माझे सेल चालतील न्हवं?" आम्ही तिघीही हसलो. काशीचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं. घोगरं, छान.

आज उजाडायच्या आधी ती निघाली, एकटीच. पांढरा लख्ख उजेड सडकेनं धुक्यात जात होता. काशीनं दारातून हाक मारली. उजेड थांबला, आणि तिकडून तशीच लांब, खालची हाक आली. अहो, तुम्ही हवे होतात. डोळे मिटून ऐकलं असतंत.

तिचे थकलेले सेल माझ्याकडं राहिले. तुमच्या डब्यात ठेवलेत. हा डबा मी कधी टाकणार नाही. आणि पुढच्या सुगीनंतर जे पोर अंगणात येईल, त्याची हाक आधी ऐकेन, मगच गाणं देईन. गाणं उंच असेल तर खाली उतरवेन, पोराला ताणून गायला लावणार नाही. हा माझा शब्द.

काशी आतून विचारतेय, "कुणाला लिहितीयास?" बोलतेय, ऐकलंत ना?

तुमची,
सुंदरा