मेजरला सोडायला जाताना

रविवार, १६ नोव्हें.
निघालो एकदाचे साताऱ्याहून. मी, हे आणि मेजर. मेजर म्हणजे आमचा कुत्रा. हे फौजेतनं हवालदार म्हणून रिटायर झाले, आता घरात मेजरला हुकूम सोडतात. हौस!
गाडी म्हणजे भंगारात निघालेली स्कूलव्हॅन. सीटा काढून ह्यांनी मागं फळ्यांचा पलंग ठोकलाय, एक शेगडी. मागच्या काचेवर अजून ‘सावकाश, मुले आहेत’. असू दे म्हटलं.
पुढच्या आठवड्यात आम्ही पुण्याला लेकीकडं, कायमचे. नातवाला कुत्र्याच्या केसांनी धाप लागते. म्हणून मेजर कडेगावला, ह्यांच्या पलटणीतल्या तानाजीभाऊजींच्या वस्तीवर. सरळ गेलो तर दुपारच्या आत पोचू. हे म्हणाले, “आदी लिंबची पायऱ्यांची विहीर बघू.” लिंब पार उलट्या दिशेला!

सोमवार, १७
सकाळी विहिरीत उतरलो. धुकं आतपर्यंत आलेलं. मेजर एकदाच भुंकला, विहीर कितीतरी वेळ भुंकत राहिली. कान टवकारून बघतोय माझ्याकडं, कोण गं हा दुसरा?
मग औंध. यमाईच्या पायऱ्या चढताना मेजर पुढं, वळणावर थांबून आमची वाट बघणार. माझे गुडघे! हारवाली म्हणाली, “कुत्र्याला बी देवीला आणलं व्हय?”
मी म्हटलं, “सासरी चाललाय.”
“आगंबया! मग कुंकू तरी लावा की.” तिनंच लावलं, हळद पण. हे खो खो हसले, मग तोंड फिरवून खाली शेतं बघत बसले.
दुपारी उसाच्या कडेला गाडी लावून तिघंही आडवे. दार उघडं, तुऱ्यांची सळसळ, लांब कुठंतरी गुऱ्हाळ, त्याचा गोड वास. डोळा लागला की नाही कळेना. आपण कुठं निघालोच नाही, कुठं पोचायचंही नाही, असं काहीतरी. मेजरचं नाक माझ्या तळपायाला, गार.
आजही कडेगावला नाहीच पोचलो.

मंगळवार, १८
पोचलो. वस्ती चांगली, दोन म्हशी, मोकळं रान. भाऊजींच्या घरच्या, सिंधूवहिनींनी दूध-भाकरी कुस्करून ठेवली. ह्यांनी कडुलिंबाखाली बोट दाखवलं, “मेजर, रुक.” बसला. आम्ही निघालो. ह्यांनी आरशात बघितलं नाही. मी बघितलं.

तोच दिवस, संध्याकाळ, कराडच्या अलीकडं
वाटेत जागोजागी थांबत इथवरच आलोय. तानाजीभाऊजींचा फोन. “आरं गड्या, तुजा मेजर जाग्यावरनं हालंना. भाकरी न्हाई, पानी न्हाई. काय सांगून गेलायस त्याला?”
ह्यांनी कपाळावर हात मारला. ‘रुक’ म्हणाले, ‘चल’ म्हणायचं राहिलंच. ह्यांनी ‘चल’ म्हटल्याशिवाय तो उठत नाही, पाऊस आला तरी नाही. सकाळपास्नं तसाच बसलाय बिचारा.
“फोनवर सांग की मग, मी त्येच्या कानाला लावतो.”
ह्यांनी फोन तोंडापाशी धरला. नुसताच धरला.
“आवं, बोला की!”
“उठंल आनि आपल्याला हुडकत सुटंल गं. डांबरी रस्ता हाय पुढं, गाड्या.”
गाडी वळवली. लिहिता येत नाही, खड्डे.

बुधवार, १९, वस्तीवर
काल अंधार पडता पडता आलो. कडुलिंबाखाली शेपटी धूळ उडवतेय, पण बूड उचलत नाही. हे खाली बसले, त्याच्या मानेत तोंड घातलं आणि ‘चल’ म्हणाले. उठला, आधी झाडामागं जाऊन आला, मग थेट गाडीत. माझ्या उशीवर. रात्रभर तिथंच.
सकाळी भाऊजी म्हणाले, “आता पुन्ना बसव, मी साखळी घालतो.”
हे म्हणाले, “मला ‘रुक’ न्हाई म्हनवनार.”
माझं डोकं फिरलं. लेक तिकडं नोकरीवर हजर व्हायचीय, पोराला बघायला कुणी नाही, आणि ह्यांचं हे! म्हटलं, “मग ऱ्हावा तुमी हितंच कुत्र्यासंगं! मी जाते एकटी.” रागानं बोलले हो.
भाऊजी म्हणाले, “खोली हाय की मोकळी. लय बेस!”
हे माझ्याकडं वळले. मग हळूच, “खरंच म्हनतीस?”
चोवीस वर्षं सीमेवरनं सुट्टीची वाट बघायला लावली ह्या माणसानं. आता कुठं घरी राहायला लागलेत. आणि मी...
चहा गार झाला. हे आणि मेजर, दोघंही गाडीच्या पायरीवर, माझ्या तोंडाकडं बघत बसलेत. मी अजून ना ‘रुक’ म्हटलंय, ना ‘चल’.